आपल्या रीजनची तारीख

माझ्या सासूबाई व्हिडिओ गेम खेळतात, असं मी ऑफिसात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा सगळ्यांना वाटलं, मोबाइलवर रंगीत गोळ्या फोडत असतील. मी म्हटलं, तसं नाही. टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर, दोन्ही हातांत कंट्रोलर धरून. डोंगर चढतात. त्यावर एक जण म्हणाली, "तुझी मजा आहे बाई, माझ्या सासूबाई दिवसभर माझ्याच डोक्यावर चढलेल्या असतात." सगळे हसले आणि विषय तिथंच संपला.

सासूबाई पंचाहत्तरीच्या आहेत. लोणावळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी ऑपरेटर म्हणून नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाल्या. आमचं घर तुंगार्लीत, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याला. शेजारचे बहुतेक बंगले आता भाड्यानं जातात. शनिवारी गाड्या येतात, गाणी लागतात, रविवारी संध्याकाळी सगळं शांत होतं. नवरा एका रिसॉर्टचा मॅनेजर, त्यामुळे जगाला सुट्टी असते तेव्हा तो कामावर असतो. मी तळेगावला एका कारखान्याच्या ऑफिसात. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून शनिवार-रविवार घरात आम्ही दोघीच, सासू आणि सून.

कन्सोल मुलीचा. जाताना ती म्हणाली होती, "पीजीत ठेवायला जागा नाही, इथंच राहू दे." त्याच सुमारास सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता सपाटीवर चाला, हवं तेवढं चाला, गड मात्र बंद. हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. एक्स्चेंजमधल्या चार-पाच मैत्रिणींबरोबर त्यांनी लोहगड, विसापूर, राजमाची, तिकोना कितीदा पालथे घातले होते. पातळाचा काचा मारून चढायच्या, असं त्या सांगतात. साठी उलटल्यावरही वर्षातून एकदा तरी लोहगड व्हायचाच. आता खिडकीतून डोंगर दिसायचे तेव्हा त्या पडदा ओढून घ्यायच्या. ऊन येतं म्हणायच्या.

एका शनिवारी मुलगी घरी आली होती, गेम खेळत बसली होती. जेवायला हाक मारली म्हणून ती उठली, हात धुऊन परत आली तर आजीच्या हातात कंट्रोलर. पडद्यावरची बाई एका कातळाला नाक लावून जागच्या जागी चालत होती.

"आजी, भिंतीत चालतीयेस तू."

"मला काय करायचंय ते कळतंय गं. हिलाच कळत नाहीये."

मुलीनं जेवण थंड होऊ दिलं आणि आजीला शिकवलं. डाव्या अंगठ्यानं चालायचं, उजव्यानं बघायचं, हे बटण उडी, हे पकड. पहिले काही आठवडे सासूबाई सारख्या दरीत पडायच्या. "पडले गं परत," असं स्वयंपाकघरात ऐकू यायचं. उडी मारताना त्या स्वतः खुर्चीतून अर्ध्या उठायच्या. मी आधी नुसती मटार सोलत शेजारी बसायचे. मग म्हणायला लागले, "आई, डावीकडे एक खोबण दिसतीय बघा." मग मटार राहायला लागले आणि मीही खेळात ओढली गेले.

गोष्ट साधी होती. एक बाई डोंगरात हरवलेल्या तिच्या मोठ्या बहिणीला शोधत निघते. बर्फ, जंगल, पडकी देवळं, तुटके पूल. आम्ही दोघींनी तो गेम फार सावकाश खेळला. मुलीचे मित्र म्हणे दोन दिवसांत संपवतात. आम्हाला थोडा हिवाळा, उन्हाळा आणि एक पावसाळा लागला. शेवटी ती बाई एका खिंडीत पोचते. तिथं तिला बहिणीचा दोर सापडतो, कापलेला. खिंडीपलीकडे आणखी एक दरी, धुक्यानं भरलेली. आणि तिथं खेळ बनवणाऱ्यांची नावं यायला लागली. संपलं.

सासूबाई बराच वेळ नावं वाचत बसल्या. मग मुलीला फोन लावला.

"दोर कुणी कापला?"

"ते दुसऱ्या भागात कळणारे, आजी. पण तो नव्या कन्सोलवरच चालणार, आपल्यावर नाही."

"मग नवा घेऊ. कधी येतोय?"

"दिवाळीच्या आधी. म्हणजे तिकडे. अमेरिका, जपान, युरोप वगैरे. इंडियाची डेट अजून दिलेली नाही."

"तिकडे दिवाळीच्या आधी, आणि जिथं दिवाळी आहे तिथं नाही?"

मुलगी हसली. सासूबाई हसल्या नाहीत.

तेव्हा आम्हाला वाटलं, महिन्याभराचा फरक असेल. दिवाळी गेली, फराळाचे डबे रिकामे झाले. नवा कन्सोल तिकडच्या दुकानांत आला, लोकांनी खोकी उघडतानाचे व्हिडिओ टाकले. आपल्याकडच्या वेबसाइटवर मात्र तो 'लवकरच' असा दिसत राहिला. सासूबाई रोज सकाळी चहा झाल्यावर टॅबवर ते पान उघडायच्या, 'लवकरच' वाचायच्या आणि टॅब बंद करायच्या. देवाला नमस्कार करावा इतक्या नेमानं.

आणखी एक त्रास होता. तिकडच्या लोकांचा दुसरा भाग खेळून झाला होता, आणि ते गप्प बसत नव्हते. मुलीनं बजावलं होतं, "आजी, गेमचे व्हिडिओ उघडू नकोस हं, शेवट कळेल." पण उघडावंच लागत नव्हतं. भाजीची कृती बघायला गेलं तरी बाजूला चित्र यायचं, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं की बहिणीचं खरं काय झालं. सासूबाई हातानं टॅबची अर्धी बाजू झाकून वांग्याची रेसिपी बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "पंगत उठल्यावर आपण लग्नाला पोचावं, तसं झालंय. वर लोक ढेकर देऊन सांगतायत, जिलबी छान होती."

माझे वडील सोमाटण्याजवळच्या आमच्या गावी असतात, शेती करतात. ते त्याच दिवसांत तांदूळ घेऊन आले होते. सासूबाईंनी त्यांना सगळी तक्रार ऐकवली. त्यांना कन्सोल म्हणजे काय ते नीटसं कळलं नसावं, पण अडलंय काय ते कळलं.

"यील की, विहीणबाई," ते म्हणाले. "कुटं पळून जातंय? आमच्या गावात नळाला पानी यायला माजं निम्मं आयुष्य गेलं. पन आलंच की. आमी काय मेलो न्हाई तवर."

"तुमचं आलं हो. पण मी पंचाहत्तरीची आहे. मी निम्मं आयुष्य कुठून आणू?"

वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "लय वाट बघाय लावत्यात बग," एवढंच म्हणाले.

त्यांना गाडीपर्यंत सोडून मी परत आले, तर सासूबाई दोन्ही तळव्यांत कप धरून चहा पीत होत्या. थंडी होती म्हणून मी लक्ष दिलं नाही. पुढच्या आठवड्यात लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांना उघडेना. मग साडीची पिन लावायला त्यांनी मला हाक मारली. संक्रांतीच्या सुमारास उजव्या हाताच्या बोटांची पेरं सुजली आणि डॉक्टरांनी संधिवात म्हणून सांगितलं. गोळ्या दिल्या, शेकायला सांगितलं. अंगठा फार वापरू नका म्हणाले.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी जुना कन्सोल लावून पहिल्या भागातली एक सोपी चढण घेतली आणि दोनदा पकड सुटल्यावर कंट्रोलर पुसून खोक्यात ठेवून दिला. मला म्हणाल्या, "नवा आला की बघू. त्याची बटणं हलकी आहेत म्हणे."

तेव्हा पहिल्यांदा मला त्या 'लवकरच' या शब्दाचा राग आला. तोवर मला ते सगळं थोडं गमतीचंच वाटत होतं. एका म्हाताऱ्या बाईचा हट्ट, ऑफिसात सांगायला एक किस्सा. आता वाटलं, कुठल्या तरी परक्या शहरात चार माणसांनी टेबलाशी बसून नकाशावर रेघ मारली असेल. इकडचे आधी, तिकडचे नंतर. त्यांच्या दृष्टीनं हा एका तिमाहीचा प्रश्न. ती तिमाही या बोटांमधून जात होती.

शनिवारी मी घरी न सांगता पुण्याला गेले. मुलीनं एका दुकानाचा पत्ता दिला होता. काउंटरमागच्या माणसानं आजूबाजूला पाहून खालून खोकं काढलं.

"दुबईचा पीस आहे, मॅडम. ओरिजिनल. फक्त इथली वॉरंटी नाही, आणि बिल मागू नका. बिघडला तर माझ्याकडे आणायचा नाही."

किंमत ऐकून मी गार पडले, पण घ्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. आधी विचारावं म्हणून सासूबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तू तिथून निघ," त्या म्हणाल्या. "आपण काय चोरीचं सोनं घेतोय? मी माझ्या पेन्शनमधून घेणार आहे. समोरच्या दारानं येईल तेव्हा घेईन."

"आई, पण तुमचा हात..."

"माझा हात माझा आहे. ये घरी."

मी रिकाम्या हातानं लोकलमध्ये बसले. फार चिडले होते त्यांच्यावर. बेगडेवाडी येईपर्यंत मनातल्या मनात भांडले. तत्त्व कसलं, मी म्हणत होते, एका खेळण्यासाठी? पण घरी पोचले तर त्या दारातच उभ्या होत्या, आणि म्हणाल्या, "आता मी त्यांनाच विचारते. नंबर लाव."

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावून स्पीकरवर ठेवला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक मुलगी हिंदीत बोलायला लागली. सासूबाईंनी मराठीत प्रश्न विचारला तशी तीही मराठीवर आली. साताऱ्याकडची असावी, बोलण्यात तो हेल होता.

"मॅडम, आपल्या रीजनसाठी अजून तारीख जाहीर झालेली नाही."

"रीजन म्हणजे कुठवर? लोणावळा की सगळा देश?"

"सगळा देश, मॅडम."

"आणि इतका उशीर का?"

"गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, मॅडम. तारीख जाहीर होताच आमच्या वेबसाइटवर..."

सासूबाईंनी तिला मध्येच थांबवलं. मला वाटलं, आता कडाडणार. पण त्यांचा आवाज एकदम बदलला. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता. मऊ, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा. नोकरीतला असणार.

"बाळ, तुलाही कुणी सांगितलेलं नाही ना?"

ती मुलगी हळूच म्हणाली, "नाही, मॅडम. आम्हालापण वेबसाइटवरूनच कळतं."

"दिवसभर लोक ओरडत असतील तुझ्यावर."

"असतं ते, मॅडम."

"पाणी पीत जा मध्ये मध्ये. घसा बसतो." आणि त्यांनी फोन ठेवायची खूण केली.

मग त्या खुर्चीत बसल्या आणि कितीतरी वेळ एक्स्चेंजबद्दल बोलत राहिल्या. तेव्हा घरी फोन मिळायला वर्षानुवर्षं लागायची. लोक खिडकीशी येऊन विचारायचे, बाई, आमचा नंबर कधी? आणि या म्हणायच्या, अजून आलेला नाही. "मला काय माहीत असायचं गं? वरून कळवलं की मला कळायचं. पण त्यांना वाटायचं, हिच्याच हातात आहे." खंडाळ्याची एक बाई होती. तिचा नवरा आखातात. ती महिन्यातून एकदा मुलांना घेऊन ट्रंक कॉलसाठी यायची, तासन्‌तास बाकावर बसायची. तिनं घरी फोनसाठी अर्ज केला होता. "शेवटी तिच्या घरी फोन लागला तेव्हा नवरा कायमचा परत आला होता. मला पेढे द्यायला आली. म्हणाली, आता कुणाला करू हो फोन? हसत म्हणाली. पण मला तो पेढा खाववेना."

मी विचारलं, "मग तुम्हाला तर सगळ्यांत जास्त सवय असायला हवी वाट बघायची."

"म्हणूनच नाही ना बघवत," त्या म्हणाल्या. "तेव्हा वाटायचं, देश गरीब आहे, तारा नाहीत, यंत्रं नाहीत. पटायचं ते. आता काय नाही सांग? पैसे आहेत, रस्ता आहे, विमान आहे. फक्त आपण त्यांच्या लक्षात नाही."

होळीच्या आसपास एकदाची तारीख आली. बुकिंग दुपारी बारा वाजता उघडणार होतं. मुलगी कॉलेजात, नवरा रिसॉर्टच्या रिसेप्शनला, मी ऑफिसात साहेबांच्या नजरेआड, तिघंही फोन घेऊन बसलो. सासूबाई घरी टॅबपुढे. पान उघडलं, चक्र फिरत राहिलं, आणि ते थांबलं तेव्हा सगळे संपले होते. नवऱ्याचा मेसेज आला, "आईला कोण सांगणार?" सांगायची गरज नव्हती, त्यांनी पाहिलं होतं. संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी आमटी केली. मीठ घालायला विसरल्या.

पुढच्या खेपेला मला मिळाला. नाव टाकलं, पत्ता टाकला, आणि लाल अक्षरं आली: या पिनकोडवर डिलिव्हरी उपलब्ध नाही. मला हसावं की रडावं कळेना. दर शनिवारी अर्धी मुंबई आणि अर्धं पुणं आमच्या दारावरून तलावाकडे जातं. त्या वाटेनं एक खोकं तेवढं येऊ शकत नव्हतं. देशाची रांग संपली तर आता गावाची सुरू झाली होती. मी घाईघाईनं मुलीच्या पीजीचा पत्ता टाकला आणि बटण दाबलं. ऑर्डर लागली.

खोकं मी स्वतः पुण्याहून लोकलनं आणलं, मांडीवर धरून. नवऱ्यानं त्या रविवारी सुट्टी काढली, रिसॉर्ट भरलेलं असताना. मुलगीही आली. तारा जोडल्या, अपडेट का काय ते आणि दुसरा भाग उतरवण्यात अर्धा दिवस गेला. शेवटी खिंड दिसली, धुकं दिसलं. इतकं खरं की नवरा म्हणाला, "अरे, हे तर राजमाचीच्या वाटेवरचं वाटतंय."

मुलीनं आजीच्या हातात कंट्रोलर दिला. तो पहिल्यापेक्षा मोठा होता. सासूबाईंनी तो धरला, अंगठा वळवून पाहिला. बाई दोन पावलं चालली. उडीच्या जागी त्यांचं बोट वेळेवर पोचलं नाही आणि ती पडली. पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि बोटं दुसऱ्या हातानं चोळत बसल्या. नवरा उठून उगाच पंख्याचा वेग कमी करून आला.

"आजी, सेटिंग बदलता येतं," मुलगी म्हणाली. "सोपं करता येतं."

"नको. डोंगर सोपा कशाला करायचा?" असं म्हणून त्यांनी कंट्रोलर माझ्याकडे सरकवला. "तू धर. मी सांगते."

मला तोवर एकटीनं धड चालवताही येत नव्हतं. मी त्या बाईला भिंतीत घातलं, झाडावर आपटलं, पाण्यात बुडवलं. सासूबाई शेजारून सांगत होत्या, "घाई करू नको. आधी तिला श्वास घेऊ दे. आता उजवीकडे बघ, वर. त्या कपारीला धर." नवरा आणि मुलगी हसून हसून बेजार झाले. मुलीनं दोनदा कंट्रोलर मागितला. सासूबाईंनी दिला नाही. "हिलाच येऊ दे," म्हणाल्या.

हे आता आमचं शनिवारचं ठरून गेलं आहे. मुलगी फोनवर विचारते, संपला का? तिच्या मैत्रिणींचा कधीच संपला, त्या तिसऱ्या कुठल्या गेमवर गेल्यात. आमचा निम्माही झालेला नाही. संधिवाताचं नवीन औषध लागू पडतंय. चहाचा कप त्या आता एका हातानं धरतात, अंगठा मात्र तसाच आहे. दोर कुणी कापला ते आम्हाला अजून ठाऊक नाही. मला वाटतं त्यांना कधीतरी त्या टॅबवरच्या चित्रात दिसलं असावं, कारण बहिणीचा विषय निघाला की त्या माझ्याकडे न बघता म्हणतात, "तू खेळ, कळेल तुला."

गेल्या शनिवारी आम्ही एका धारेवर पोचलो. दोन्ही बाजूंना दरी. खाली ढग, आणि ढगांतून वर आलेली दोन-तीन शिखरं. पुढे जायची वाट स्पष्ट दिसत होती, मी अंगठा पुढे केला.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

"काय झालं? पडेल का?"

"नाही गं. बघू दे ना जरा."

मी कंट्रोलर खाली ठेवला. शेजारच्या बंगल्यात कुणीतरी गाणी मोठी केली, मग कमी केली. पडद्यावरची ती बाई उभी होती, तिचे केस वाऱ्यानं हलत होते आणि ढग एका बाजूनं दुसऱ्या बाजूला जात होते. दुधाचं पातेलं गॅसवर होतं, ते बंद करायला मी उठले. परत आले तेव्हा सासूबाईंनी पाय स्टुलावर घेतले होते आणि खुर्ची टीव्हीच्या थोडी जवळ ओढली होती.